उशाकडची चार बोटं

फुजैरा,
रविवार, एप्रिलचा दुसरा आठवडा

ती. अण्णासाहेब,

प्रकाशचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गेल्या आठवड्यात एका गाडीखाली शिरून बाहेर निघताना कंबर धरली. जे अंगाला जमत नाही ते कागदावर लिहून मोठ्या मेव्हण्यांना फसवणं बरं नव्हे. आपली तब्येत कशी आहे? साखर किती? (मागच्या खेपेला आपण फोनवर "नॉर्मल" म्हणालात. नॉर्मल हा आकडा नाही. आकडा कळवावा.) वहिनींच्या डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडतात ना? छायाचा नवा गुडघा आता जिना चढू देतो, असं तिनं सांगितलं. किती पायऱ्या, ते सांगितलं नाही. शुभ्राची परीक्षा संपली, तिचाही आपल्याला नमस्कार. खरं म्हणजे ती "से हाय टू मामा" एवढंच म्हणाली, त्याचं मराठी मी केलं.

एवढं लांबलचक पत्र, तेही कागदावर, पाहून आपण दचकाल. आमच्या ऑफिसातला दर्शन रजेवर साताऱ्याला चालला आहे, त्याच्या हाती पाकीट देतो आहे. मजकूर फोनवर बोलण्यासारखा नाही. शिवाय आपण सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं रस्ते आणि मोऱ्या बांधल्यात, त्यामुळे उतार, पातळी, पाणसळ हे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागणार नाहीत. इथं ते समजणारा एकही माणूस मला महिनाभर भेटला नाही.

मी एक गाडी बघतो आहे. साधी नव्हे. मागे पलंग, ओटा, फ्रिज, नळ आणि संडास असलेली, म्हणजे घर आणि गाडी एकातच. इथं तिला मोटरहोम म्हणतात. या वयात हे खूळ कशाला, असं आपण म्हणाल. निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. फेब्रुवारीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडे निघालेल्या छायाला विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसता बसता ती म्हणाली, "या देशात मी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला, देश काही पाहिला नाही." तक्रारीचा सूर नव्हता. बॅगेत टॉवेल ठेवला की नाही हे सांगावं, तसं सांगितलं. परत येताना मसाफीच्या डोंगरांतून गाडी चालवत होतो आणि लक्षात आलं, मीही हा रस्ता फक्त कामासाठी पाहिला आहे.

मला लोक संशयी म्हणतात, याची मला कल्पना आहे. पण माझं कामच तसं आहे. लग्न ठरताना "मुलगा ऑइलमध्ये आहे" एवढं सांगून आमच्या लोकांनी वेळ मारून नेली होती, म्हणून आता खुलासा करतो. फुजैराच्या समुद्रात जहाजं इंधन भरायला थांबतात. देणारा म्हणतो हजार टन दिलं, घेणारा म्हणतो नऊशे साठ मिळालं. मी दोरीच्या शिडीनं वर चढतो, टाक्यांत फीत सोडतो आणि कोण खोटं बोलतो आहे ते लिहून देतो. (पुष्कळदा दोघंही.) त्यासाठी आधी जहाज पुढे-मागे आणि आजूबाजूला किती झुकलं आहे ते पाहावं लागतं. जहाज जरासं झुकलेलं असलं तरी त्यात पन्नास टन तेल लपवता येतं. सव्वीस वर्षं हे केल्यावर माणसानं समोरच्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

तर अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात मुश्ताक नावाच्या माणसाचं आवार आहे. मूळचा पेशावरकडचा, पन्नाशीचा, दाढीला मेंदी, आवाज मऊ. (मऊ आवाजाच्या माणसांचा मला विशेष संशय येतो. ज्या चीफ इंजिनीअरनं सर्वांत जास्त तेल लपवलं होतं, त्यानं मला आधी केक खाऊ घातला होता.) त्याच्याकडे पंधरा वर्षांची एक मोटरहोम विकायला ठेवली होती. किंमत एक लाख दहा हजार दिरहॅम, म्हणजे आपले पंचवीस लाखांच्या वर. गाडी फार स्वच्छ होती. जुनी वस्तू इतकी स्वच्छ का, हा माझा पहिला प्रश्न. मुश्ताक म्हणाला, "साब, मालिक अच्छा आदमी है." हे उत्तर नव्हे.

मग त्यानं मला गाडीचे पाय दाखवले. आपण हे पाहायला हवं होतं. चालकाच्या सीटजवळ एक लहानशी पेटी, तिच्यावर एक बटण. ते दाबलं की गाडीच्या पोटातून चार लोखंडी पाय खाली उतरतात, घुंर्र करत कमी-जास्त लांब होतात, आणि मग हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा म्हणजे गाडी सपाट. "एक बटन. खलास," मुश्ताक म्हणाला. मी विचारलं, गाडी सपाट करायची गरजच काय? आपण उतारावर गाड्या उभ्या करतोच की. त्यानं शांतपणे सांगितलं, की या गाडीतला फ्रिज गॅसवर चालतो, त्यात आतलं द्रव आपोआप खाली वाहत राहावं लागतं, गाडी फार तिरपी राहिली तर ते वाटेतच अडकतं आणि फ्रिज कायमचा जातो. शिवाय नळाचं पाणी भलतीकडे साचतं, दार आपलं आपण उघडतं, आणि झोपलेला माणूस सकाळी पायथ्याला सापडतो.

पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी खिशातून पाणसळ काढली. एक वीतभर लांबीची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, माझी कामावरची. पलंगावर आडवी ठेवली: बुडबुडा बरोबर मध्ये. मग लांबीच्या दिशेनं ठेवली. बुडबुडा मागच्या बाजूला, उशाकडे सरकला. पेटीवर हिरवा दिवा, आणि पलंगाचं उसं पायथ्यापेक्षा वर. फीत लावून मोजलं तर सात सेंटिमीटर. चांगली चार बोटं.

"साब, आपका पानी टेढ़ा है," मुश्ताक म्हणाला.

मी त्याच्यादेखत पाणसळ टोकं उलटी करून पुन्हा ठेवली. (आपल्याला ही परीक्षा ठाऊकच आहे. खोटी पाणसळ उलटी केली की वेगळं सांगते.) बुडबुडा पुन्हा उशाकडेच गेला. मी मुश्ताककडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहू लागला. आभाळात काही नव्हतं.

घरी आलो आणि अभ्यासाला लागलो. दोन आठवडे जेवताना, दाढी करताना, बोटीतून जहाजाकडे जाताना व्हिडिओ पाहिले. पहिलं ज्ञान असं, की गरिबाघरी चाकाखाली लाकडी ठोकळे किंवा प्लास्टिकचे चढ ठेवून गाडी सपाट करतात. त्यात आधी डावं-उजवं बघायचं, मग पुढचं-मागचं. दुसरं ज्ञान असं, की काही गाड्यांना कोपऱ्यांत हातानं फिरवायचे टेकू असतात. ते गाडी उचलत नाहीत, आत चालताना ती डुलू नये म्हणून असतात, आणि त्यांनी गाडी उचलायला जाणारा नवशिका ते वाकवून ठेवतो. (एका व्हिडिओत एक गोरा गृहस्थ हे सांगताना जवळजवळ रडत होता.) आणि तिसरं ज्ञान, ज्यानं माझी झोप गेली, ते म्हणजे शून्य.

या आपोआप पायांच्या पेटीला सपाट म्हणजे काय हे जन्मतः माहीत नसतं. कुणीतरी गाडी नीट सपाट उभी करून, दोन-तीन बटणं ठरावीक क्रमानं दाबून, "हे तुझं शून्य" असं तिला एकदा शिकवावं लागतं. त्यानंतर ती मरेपर्यंत त्याच शून्याला येते. म्हणजे वाकडं शून्य शिकवलं, तर ती प्रत्येक वेळी अतिशय प्रामाणिकपणे वाकडी उभी राहणार आणि हिरवा दिवा लावणार. मी लगेच ताडलं. ही गाडी अपघातातली आहे. खालचा सांगाडा वाकला आहे, आणि तो लपवण्यासाठी मुश्ताकनं शून्यात फेरफार केला आहे. तो कसा लपेल, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण खात्री होती.

या काळात पाणसळ माझ्या खिशातच असे, आणि त्यातून जे झालं ते आपल्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच सांगतो. मी घराची फरशी तपासली. हॉल ठीक. स्वयंपाकघर मोरीकडे उतरतं, ते योग्यच. पण आमच्या बेडरूमची फरशी खिडकीकडे उतरते, म्हणजे आम्ही अकरा वर्षं डोकं खाली आणि पाय वर करून झोपतो आहोत. शुभ्रा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, यू आर ऑडिटिंग द फ्लोअर." मी पलंगाच्या दोन पायांखाली पुठ्ठे सारले. मग शेजारच्या विजयकुमारांकडे (चेन्नईचे, टर्मिनलवर शिफ्ट इनचार्ज) कॉफीला गेलो असताना त्यांच्या देवघराची फळी एका बाजूला कललेली आहे असं सहज सांगितलं. सहजच. त्यांनी कॉफी संपू दिली, पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते मोबाइलकडे पाहत राहिले. तीन दिवसांनी त्यांच्या घरातून ठोकाठोकी ऐकू आली, तेव्हा मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी मुश्ताकला गाडी घेऊन मसाफीच्या अलीकडच्या माळावर बोलावलं. त्याच्या आवारात नको, तिथली जमीन त्याची. तो सकाळी आठला आला, थर्मासमध्ये चहा घेऊन. गाडी उभी केली आणि पायांखाली ठेवायला जाड फळ्या काढू लागला. मी म्हटलं, फळ्या नकोत. फळ्या घालून कुणीही सपाट दाखवेल.

"साब, रेती है. पैर धँस जाएगा."

"धँसने दो," मी म्हणालो. अण्णासाहेब, हे मी म्हणालो, हे मान्य करतो.

त्यानं खांदे उडवून बटण दाबलं. चार पाय उतरले. तीन टेकले. मागचा उजवा पाय वाळूत शिरू लागला, आणि तो शिरतो आहे म्हटल्यावर यंत्र त्याला आणखी लांब करू लागलं, आणि जितका लांब होईल तितका तो आणखी आत जाऊ लागला. पेटी टूं टूं करायला लागली. गाडी उजवीकडे कलली. वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि त्यातून दोन थाळ्या, एक चाळणी आणि कुणाचातरी हिवाळी मोजा माझ्या डोक्यावर आला. मुश्ताकचा थर्मास टेबलावरून घसरत सावकाश माझ्याकडे आला. मी तो पकडू शकलो असतो, पण माझ्या हातात पाणसळ होती. झाकण सैल होतं. पुढचं सांगत नाही.

पाय बाहेर काढायला दीड तास लागला. त्याच दोन थाळ्यांनी आम्ही दोघांनी वाळू उपसली. कंबर तेव्हाच गेली. मुश्ताकनं मला दोष दिला नाही. उलट उरलेला चहा मला दिला, त्यामुळे माझा संशय वाढला. मग फळ्या घालून त्यानं पुन्हा बटण दाबलं. हिरवा दिवा. मी पाणसळ ठेवली. उसं पुन्हा वर, आणि मोजलं तर पुन्हा सात सेंटिमीटर, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. इथं मी जरा थांबलो. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतो, हा माझा अनुभव. हे यंत्र आवारात आणि माळावर एकच बोलत होतं.

मी मुश्ताकला म्हटलं, आत्ता माझ्यासमोर याचं शून्य नव्यानं लाव. त्याचा चेहरा पहिल्यांदा कठीण झाला.

"शून्य को हाथ नहीं लगाऊँगा, साब. गाड़ी बिकने के बाद आपका शून्य, आपकी मर्ज़ी. अभी नहीं."

"क्यों?"

"ज़बान दी है."

"किसको?"

त्यावर तो फळ्या गोळा करायला लागला. मी सांगितलं, मग मूळ मालकाचा नंबर दे, नाहीतर सौदा इथंच खलास. तो बराच वेळ फळ्यांची वाळू झटकत राहिला. शेवटी गाडीची मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, माझ्या हातात दिली, आणि फोन नंबर सांगितला. "जाइए. लेकिन प्रोफेसर साब बुज़ुर्ग हैं. आराम से बात करना." गिऱ्हाईक हातातून जात असताना त्याला म्हाताऱ्याची काळजी. मी मनात नोंद केली: दोघं सामील.

दुसऱ्या दिवशी शुभ्राला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन अल ऐनला गेलो. अडीच तास. मालकाचं नाव प्रोफेसर इद्रिस, मूळचे सुदानचे, अल ऐनच्या विद्यापीठात तीस वर्षं मातीचा विषय शिकवला. उंच, सडसडीत, शुभ्र झगा, जाड भिंगाचा चष्मा. नजर अधू झाल्यानं गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं, म्हणून विकायला काढली. पत्नी आमना मॅडम, निवृत्त नर्स. खजूर आले, कॉफी आली, माझ्या तब्येतीची, मुलीच्या शिक्षणाची, आई-वडिलांची चौकशी झाली. मी कंबरेचं सांगितलं तर त्यांनी पाठीला उशी दिली. (संशयितानं इतकं आदरातिथ्य करू नये, पुढे प्रश्न विचारायला जड जातं.)

तरी मी विचारलं. सर, तुमच्या गाडीला कधी अपघात झाला होता का? नाही म्हणाले. मग ती वाकडी का उभी राहते? प्रोफेसरांनी कप खाली ठेवला. इंग्रजीत, विद्यार्थ्याला सांगावं तसं, सांगितलं, की जमिनीचा उतार हा त्यांचा जन्मभराचा विषय आहे. त्या गाडीत ते सहा वर्षं डोंगरात, वाळूत, समुद्रकाठी राहिले आणि प्रत्येक रात्री ती तराजूच्या काट्यासारखी सपाट होती. तशी सपाट झोप त्यांना घरीसुद्धा लागत नाही. मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला, पाणसळ, बुडबुडा आणि फीत. ते फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. कान लाल झाले. "माझ्याकडे माझी स्वतःची लेव्हल आहे," म्हणाले, आणि गाडीचं पुस्तक शोधायला मदत हवी म्हणून शुभ्राला घेऊन आतल्या खोलीत गेले.

ते आत गेले मात्र, आमना मॅडम माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी केरळ आणि हैदराबादच्या सिस्टरांबरोबर केली, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी आहे.

"भाई साहब, गाड़ी में कुछ ख़राबी नहीं. वो मैंने करवाया है."

प्रोफेसर घोरतात. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. घरी दुसरी खोली आहे, गाडीत नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, उसं थोडं वर ठेवून बघा. पण प्रोफेसरांना आपण घोरतो हे मान्यच नाही. त्या दुसरी उशी ठेवत, ते ती फेकून देत. शास्त्रीयदृष्ट्या माणसानं सपाट झोपावं, असं त्यांचं मत. तेव्हा मॅडमनी एके दिवशी गाडी दुरुस्तीला गेलेली असताना मुश्ताकला गाठलं, उशाकडची बाजू चार बोटं उचलायला लावली, आणि तिथंच शून्य लावून घेतलं. गाडी विकली जाईपर्यंत यातलं प्रोफेसरांना कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं. कारण प्रोफेसर अजूनही महिन्यातून एकदा अजमानला जातात, गाडीत बटण दाबून हिरवा दिवा बघतात आणि अर्धा तास पडून येतात.

"घोरणं थांबलं?" मी विचारलं.

"थोड़ा कम हुआ. बाक़ी आदत हो गई," त्या म्हणाल्या. मग दाराकडे पाहून हलक्या आवाजात, "छह साल से सबको बोलते हैं, मेरी गाड़ी में सीधा सोता हूँ, इसलिए नींद अच्छी. अब इस उम्र में उनको मत बताइए."

तेवढ्यात प्रोफेसर आले. हातात पितळेची जुनी, वजनदार पाणसळ. शुभ्राच्या हातात पुस्तक. त्यांनी जेवणाच्या टेबलावर आपली पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये. "आता तुमची तिच्याशेजारी ठेवा," म्हणाले. माझी पाणसळ खरी होती, अण्णासाहेब. ती ठेवली असती तर तिचाही बुडबुडा मध्ये आला असता, आणि मग फोटोही खरा ठरला असता. मॅडम कॉफीच्या भांड्याकडे पाहत होत्या. सव्वीस वर्षांत मला दारूच्या बाटल्या, घड्याळं आणि एकदा जिवंत बोकड देऊ केलेला आहे. मी एकाही आकड्याला हात लावला नव्हता.

मी ताटलीतली खजुराची एक बी उचलली, पाणसळ ठेवता ठेवता तिच्या एका टोकाखाली सारली, आणि हात तसाच ठेवला. बुडबुडा एका बाजूला पळाला.

"माझीच वाकडी आहे, सर," मी म्हणालो. "माफ करा."

प्रोफेसर खाली वाकून दोन्ही बुडबुडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उपकरण दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं, नवशिक्याची पहिली चूक हीच असते, असं मला वीस मिनिटं समजावून सांगितलं. मी मान हलवत होतो. निघताना मॅडमनी शुभ्राला खजुरांचा डबा दिला. प्रोफेसरांनी ती पितळेची पाणसळ मला भेट दिली. म्हणाले, तुला जास्त गरज आहे.

गाडीत शुभ्रानं खजुरांचा डबा उघडला. मग म्हणाली, "बाबा, यू जस्ट फेक्ड अ रीडिंग." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "ओके." आणि माझ्यासाठी एक खजूर सोलून बी काढून दिला. ती मला काही सोलून देईल असं वाटलं नव्हतं, निदान बारावीपासून तरी.

येताना अजमानला वळलो. मुश्ताक आवारात टायर धूत होता. "मॅडम ने बताया?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "फिर ठीक है. मेरे मुँह से नहीं निकला," तो म्हणाला आणि पुन्हा टायर धुवायला लागला. त्या एका वचनापायी हा माणूस महिनाभर माझ्याकडून चोर ठरवून घेत होता, गिऱ्हाईक गमावायला तयार होता, आणि वर चहा पाजत होता. मला काहीतरी बोलायचं होतं. पण असं कधी बोलायची सवय नसल्यानं मी त्याला पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी आहे एवढंच सांगितलं. त्यानं तपासली. खरंच कमी होती.

असो. गाडीविषयी अजून काही ठरवलेलं नाही. पाण्याच्या टाकीचा मला संशय आहे, आणि छपरावरच्या एका रबरी पट्टीचा रंग बाकीच्यांहून वेगळा का, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. घाईनं निर्णय घेणाऱ्यांतला मी नव्हे, हे आपण जाणताच. वहिनींना नमस्कार, छायाला व्यायाम चुकवू देऊ नये, आणि साखरेचा आकडा विसरू नये.

आपला, आणि आपल्या बहिणीच्या स्वयंपाकाचा सव्वीस वर्षांचा आभारी,
प्रकाश

ता. क. दर्शनचं जाणं दोन दिवस पुढे गेलं, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. मंगळवारी गाडी घेतली. रबरी पट्टी एकदा बदललेली आहे, एवढंच.

ता. क. दुसरं. मुश्ताकनं विचारलं, शून्य नव्यानं लावून देऊ का, आता तुमची मर्जी. मी थांब म्हणालो आहे. कारण आपल्याला पत्र लिहायचं खरं कारण वर कुठं आलंच नाही. छायाचा गुडघा मार्चमध्येच बरा झाला, असं डॉक्टरांनी मला स्वतः फोनवर सांगितलं. तिनं परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं आहे. मी कारण विचारलं नाही, आणि ती सांगत नाही. तेव्हा कृपा करून, तिला संशय येणार नाही अशा बेतानं, एवढंच काढून घ्यावं: मी घोरतो का. आपण थोरले भाऊ आहात, आपल्याला ती खरं सांगेल. दोन अंशांच्या उतारानं घोरणं कमी होतं याला पुरेसा आधार मला सापडलेला नाही, पण शून्य कुठं लावायचं ते मला ठरवायचं आहे.

ता. क. तिसरं. वरची चौकशी करू नका. आत्ता जेवताना मी शुभ्राला सहज विचारलं, तर तिनं मोबाइल पुढे सरकवला. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, जानेवारीतलं, बंद दाराबाहेरून केलेलं. मी ते पूर्ण ऐकलं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये असा आवाज आला असता, तर मी काम थांबवून चीफ इंजिनीअरला झोपेतून उठवलं असतं. आता छायाला माझ्या वतीनं एवढंच सांगा, की गाडीत एक बटण आहे, ते माझी उशाकडची बाजू चार बोटं वर करतं. चार पुरली नाहीत तर मुश्ताक पाच करून देईल. मी बोललो आहे त्याच्याशी. तिकीट कुठल्या तारखेचं, ते तिनंच ठरवावं.